प्रश्न असेल तर विचारा

"काका, प्रश्न असेल तर विचारा. बाकीचं आपण नंतर बोलू."

हे मी बोलले. माईकवर, चारशे-साडेचारशे माणसांसमोर. 2023 सालची गोष्ट. गणपती दहा दिवसांवर आले होते, बाहेर पावसाची रिपरिप चालू होती आणि सभागृहात ओल्या छत्र्यांचा, नव्या कपड्यांच्या खळीचा, मागच्या टेबलावर रचून ठेवलेल्या समोशांच्या डब्यांचा असा एक मिश्र वास कोंडला होता. आमच्या पुण्यातल्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांची आणि पालकांची सभा. आमच्याकडे तिला ओरिएंटेशन म्हणतात, पत्रिकेवर "पालक स्वागत व उद्बोधन" असं छापतात. गेली कित्येक वर्षं ती मीच घेते. माझं सादरीकरण 42 स्लाइडचं. हजेरी 75 टक्के लागते, परीक्षा दोन टप्प्यांत होते, एटीकेटी म्हणजे काही विषय राहूनही पुढच्या वर्गात कसं जाता येतं, इयर डाउन म्हणजे वर्ष वाया कधी जातं, शिष्यवृत्तीचा अर्ज सरकारच्या महाडीबीटी पोर्टलवर कधी भरायचा, वसतिगृहाचं दार रात्री किती वाजता बंद होतं. शेवटची स्लाइड "काही प्रश्न?" अशी. त्या दिवशीही पाच-सहा प्रश्न आले, दरवर्षी येतात तेच. प्लेसमेंटचं पॅकेज सरासरी किती? दुसऱ्या वर्षी ब्रँच बदलून मिळते का? लॅपटॉप आत्ता घ्यायचा की पुढच्या वर्षी? हजेरीचा मेसेज घरी येतो का? हात वर करणारे बहुतेक पुण्यातले, पुढच्या तीन रांगांतले. मी उत्तरं देत होते आणि डोळा घड्याळावर होता, कारण दोन वाजता दुसऱ्या शाखांची तुकडी आत यायची होती.

तेवढ्यात मागून डावीकडून एक गृहस्थ उठले. पांढरा शर्ट, इतका नवा की पाकिटातल्या घड्यांच्या रेघा पाठीवर तशाच उमटलेल्या. प्रवेशाच्या कागदांची प्लास्टिकची फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. माईक त्यांच्यापर्यंत पोचला नव्हता, पण शेतात लांबून हाक मारायची सवय असलेल्या माणसाचा आवाज होता तो, माईकची गरज नव्हती. "मॅडम, आमच्या पोराचं एक सांगायचं हुतं. त्याला जरा..." शेजारी बसलेल्या मुलानं त्यांच्या शर्टाचं टोक खाली ओढलेलं मी व्यासपीठावरून पाहिलं. आणि मी ते वाक्य बोलले. आवाज चढवला नव्हता, उलट हसूनच बोलले होते. ते म्हणाले, "बरं बरं." आणि बसले.

ते "बरं बरं" माझ्या मनातून गेलं नाही.

त्यात राग असता तर मी विसरून गेले असते. चिडलेले पालक दरवर्षी भेटतात. फीवरून चिडतात, वसतिगृहात खोली मिळाली नाही म्हणून चिडतात, त्यांचं चिडणं मला कळतं आणि संध्याकाळपर्यंत निवतंही. हे "बरं बरं" वेगळं होतं. तहसील कचेरीत, बँकेत, दवाखान्यात, जिथे जिथे टेबलापलीकडून कुणी "थांबा जरा" म्हणतं तिथे तिथे आपल्याकडची माणसं हे म्हणतात. आपलंच काहीतरी चुकलं असावं असं समजून घेणारं. माझ्या वडिलांना मी ते कितीदा म्हणताना ऐकलंय. सभा संपल्यावर मी त्या गृहस्थांना शोधलंही. पण समोशाच्या टेबलाभोवती गर्दी होती, दोन वाजायला आले होते, आणि "नंतर बोलू" यातलं नंतर त्या दिवशी काही आलं नाही.

दरवर्षी या सभेच्या दिवशी सकाळी साडेआठला मी फाटकाशी उभी राहते, ते मला मनापासून आवडतं. कुणी सांगितलेलं नाही, पण राहते. टमटम येतात, भाड्याच्या जीपगाड्या येतात, स्वारगेटवरून पीएमटीच्या बस बदलत आलेली माणसं गुंडाळलेली गादी खांद्यावर घेऊन चढ चढत येतात. आता पीएमपी म्हणायला हवं, पण तोंडात पीएमटीच बसलंय. नवी बादली, त्या बादलीत मग, साबणाची डबी, कपडे वाळवायची दोरी आणि अर्धा किलो शेंगदाण्याची चटणी. मुलगा किंवा मुलगी चार पावलं पुढे, मोबाईलमध्ये बघत, जणू मागून येणारी माणसं ओळखीची नाहीत. आणि मागची माणसं तेवढंच अंतर सांभाळून, कारण वाटेत गाडीतच सांगून झालेलं असतं की तिथे जास्त बोलू नका. आया वसतिगृहाच्या खिडक्यांकडे बघतात. जाळी आहे का, कडी आतून लागते का, संडास किती लांब आहे. बाप मंडळी इमारतीकडे बघतात, मजले मोजतात. एका वडिलांनी मला विचारलं होतं, "या एवढ्या मोठ्या बिल्डिंगीत याचा वर्ग कुठला?" मी चौथ्या मजल्यावरची एक खिडकी दाखवली. ते बराच वेळ त्या खिडकीकडे बघत राहिले. मग खिशातून फोन काढून तिचा फोटो काढला, घरी दाखवायला.

आणि मग ही सगळी माणसं आत येतात आणि आम्ही त्यांचं "पालक" करून टाकतो. मुलाचा "पाल्य" होतो. घरात कुणी कुणाला पाल्य म्हणत नाही. बाळ्या, पिंट्या, ताई, सोनी, आमचं येडं असं काहीही म्हणतात. पाल्य हा फक्त अर्जातला शब्द. त्या दिवशी पालकांकडून आम्हाला हव्या असतात त्या सह्या. सगळ्यात महत्त्वाची सही रॅगिंगविरोधी हमीपत्रावर. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा. पुढे 2009 साली अमन काचरू या वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्याचा हिमाचलमध्ये रॅगिंगमध्ये जीव गेला आणि त्याच वर्षी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, नियम आले. तेव्हापासून मुलाबरोबर आईवडिलांचंही हमीपत्र लागतं. ते लागायलाच हवं, त्याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण एक गोष्ट मला त्या "बरं बरं" नंतर जाणवली. आमच्या अख्ख्या प्रक्रियेत आईबाप आपल्या मुलाबद्दल काही म्हणतात असा हा एकमेव कागद. आणि त्यावर ते काय म्हणतात हे आधीच छापलेलं असतं: माझा पाल्य असं असं करणार नाही.

सतरा-अठरा वर्षं ज्यांनी त्या मुलाला सर्दी झालेली, हट्ट करताना, खोटं बोलताना, झोपेत बरळताना पाहिलंय, त्यांच्याकडून आम्ही एवढंच लिहून घेतो.

मी स्वतः पुण्यात आले ती 1991 मध्ये, बार्शीहून. वडील बरोबर होते. पत्र्याची ट्रंक, तिच्यावर त्यांनी ऑइलपेंटनं माझं नाव आणि "बार्शी" असं लिहिलं होतं, वळणदार अक्षरात. कारण पेठेतल्या दुकानांच्या पाट्या रंगवणं हाच त्यांचा धंदा. ट्रंकेला रंगाचा वास इतका होता की एसटीत शेजारची बाई नाकाला पदर लावून बसली होती. मुलींच्या वसतिगृहाच्या ऑफिसात रेक्टरबाई होत्या. सातारच्या. त्यांचे वडील लहानपणी कर्मवीर भाऊरावांच्या शाहू बोर्डिंगात राहून शिकलेले, हे आम्हाला पुढे कळलं, कारण त्या ते सारखं सांगत. पोरांच्या जेवणासाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं, हे त्या अशा सांगायच्या की जणू काल घडलंय आणि शेजारच्या खोलीत घडलंय. त्यांच्या टेबलावर एक लांबलचक वही असे, किराणा दुकानात असते तशी, लाल कापडी पाठीची. नाव, गाव, घरचा पत्ता, पुण्यातले स्थानिक पालक, सगळं लिहून झाल्यावर त्यांनी पेन वर न उचलता वडिलांना विचारलं, "मुलीबद्दल काही सांगायचंय?"

वडील गोंधळले. टोपी काढून पुन्हा घातली. मग म्हणाले, "तशी शहाणी आहे. पण रागावली की जेवत नाही. दोनदा बोलवा, येत नाही. तिसऱ्यांदा येते."

मला भूमी दुभंगावी असं झालं. टेबलापाशी आणखी दोन मुली उभ्या होत्या, त्यांतली एक पुढे चार वर्षं माझी खोलीतली सोबतीण होणार होती, ती तोंडावर हात ठेवून हसत होती. वडिलांवर मी इतकी चिडले की त्यांना सोडायला फाटकापर्यंतही गेले नाही. ते एकटेच गेले. जाताना ट्रंकेची किल्ली रेक्टरबाईंकडे ठेवून गेले, कारण माझ्या हातात द्यायला मी समोर नव्हते. ही गोष्ट मी आज पन्नाशी ओलांडल्यावरही सहज लिहू शकत नाही.

रेक्टरबाईंनी वहीत ते लिहून घेतलं होतं हे मला ऑक्टोबरात कळलं. गणिताच्या पहिल्या चाचणीत मला शंभरात एकोणीस गुण मिळाले. दहावी-बारावीला बार्शीत पेपरात फोटो आलेली मी. खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. मेसची घंटा झाली. बाई दारात आल्या, "चल जेवायला." मी हलले नाही. दहा मिनिटांनी पुन्हा आल्या, "अगं, भात निवतोय." मी गप्प. खोलीतली मुलगी म्हणाली, "राहू द्या बाई, ती नाही येणार." बाई गेल्या. मेसची भांडी वाजायची थांबली, जिन्यातला दिवा मालवला, आणि मग चपलांचा आवाज तिसऱ्यांदा वर आला. त्यांनी काहीच म्हटलं नाही, नुसत्या दारात उभ्या राहिल्या. मी उठले. पिठलं होतं त्या दिवशी, गार झालेलं, वर साय धरलेलं. मी ते जेवताना रडले आणि बाई समोर बसून उद्याची भाजी निवडत होत्या.

हे सगळं माहीत असलेली मी. आणि माईकवर काय म्हटलं तर, प्रश्न असेल तर विचारा.

पुढचं सत्र फेब्रुवारीत सुरू झालं. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. पहिल्या वर्षाला सगळ्यात पहिलं प्रात्यक्षिक रेझिस्टरचं मूल्य ओळखायचं असतं. विजेचा प्रवाह अडवणारा, तांदळाच्या दाण्याहून जरा मोठा तो तुकडा, त्याच्या अंगावर रंगीत पट्टे. प्रत्येक रंगाला एक अंक, तिसरा पट्टा शून्यं किती ते सांगतो. तपकिरी, काळा, लाल म्हणजे हजार ओहम. तपकिरी, काळा, हिरवा म्हणजे दहा लाख. एक पट्टा चुकला की हजारपट फरक. वीस मुलांच्या त्या बॅचमध्ये एका मुलाचा एलईडी पेटत नव्हता. मी जाऊन पाहिलं तर हजाराच्या जागी दहा लाखांचा रेझिस्टर लावलेला. बदलायला सांगितलं. त्यानं डबीत बोटं घालून बराच वेळ शोधलं आणि पुन्हा तोच काढला. तिसऱ्यांदाही तेच झालं तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हटलं, "लक्ष कुठंय तुझं? साधा लाल-हिरवा ओळखता येत नाही?" तो म्हणाला, "सॉरी मॅम." पुढचे तीन आठवडे तो प्रयोगशाळेत सगळ्यांत शेवटी येत होता, कोपऱ्यातलं टेबल धरत होता, आणि माझ्या वहीत त्याच्या नावापुढे दहापैकी चार, दहापैकी पाच असे गुण पडत होते.

मला ते कळलं आमच्या प्रयोगशाळेतल्या सहायकामुळे. निवृत्तीला आलेला माणूस, मुलं त्याला मामा म्हणतात. एका संध्याकाळी सर्किट जोडायचे ब्रेडबोर्ड कपाटात लावता लावता तो म्हणाला, "मॅडम, त्या पोराला रंग दिसत नाहीत. माझ्याकडून विचारून घेतो रोज. मी त्याला वेगळ्या पुड्या बांधून देतो, वर आकडे लिहून." मी विचारलं, मला का सांगितलं नाही? मामा म्हणाला, "त्यानं नको म्हटलं हुतं."

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्या मुलाला थांबवलं. प्रयोगशाळेत नाही, केबिनमध्येही नाही. जिन्यात, येता-जाता बोलल्यासारखं. त्यानं आधी नाही म्हटलं, मग हो म्हटलं. लाल, हिरवा, तपकिरी हे सगळे त्याला जवळजवळ सारखेच दिसतात. घरी कसं कळलं विचारलं, तर म्हणाला, सांगोल्याकडे त्यांचा टोमॅटो असतो. सात-आठ वर्षांचा असताना तोड्याला लावलं की हा कच्चे-पिके सगळे एकाच क्रेटमध्ये टाकायचा. चुलता आधी ओरडला, मारलंही एकदा. वडिलांच्या मात्र लक्षात आलं. ते याला रांगेच्या पुढे उभा करायचे आणि टोमॅटो हातात देऊन म्हणायचे, दाबून बघ, रंग बघू नको. "मी दाबून बरोबर तोडतो, मॅम." बारावीच्या केमिस्ट्रीत मित्र रंग सांगायचा. सिग्नलला दिवा वरचा आहे की खालचा ते बघतो.

मग म्हणाला, "बाबा त्या दिवशी तेच सांगणार होते."

मला कळेना तो कुठल्या दिवसाबद्दल बोलतोय. आणि मग तो पांढरा शर्ट, पाठीवरच्या घड्या, खालून ओढलेलं शर्टाचं टोक, सगळं समोर उभं राहिलं. मी म्हटलं, अरे, मी त्यांना बोलू द्यायला हवं होतं. तो पायरीकडे बघत होता. म्हणाला, "नाही मॅम. मला तेव्हा बरंच वाटलं. एवढ्या सगळ्यांसमोर नको होतं."

या एका वाक्यानं माझी पंचाईत करून ठेवली आहे, आणि ती अजून सुटलेली नाही. तोवर माझ्या मनात सरळ हिशोब होता, की मी एका बापाला अडवलं आणि त्याची शिक्षा मुलाला झाली. पण मुलाला त्या क्षणी सुटल्यासारखं वाटलं होतं, अगदी 1991 साली मला कुणी वाचवलं असतं तर वाटलं असतं तसं. बापाचं सांगणं खरं होतं आणि मुलाचं शर्ट ओढणंही खरं होतं. अठरा वर्षांचं लेकरू कायद्यानं सज्ञान असतं, त्याची गोष्ट कुणाला सांगायची ते त्यानं ठरवायचं. हे मला मान्य आहे, मी वर्गात शिकवतेसुद्धा. पण तीन आठवडे कोपऱ्यातल्या टेबलावर तो एकटा जे सोसत होता, ते सोसायला त्याला कोणी स्वातंत्र्य म्हणून दिलेलं नव्हतं. माझ्या अडाणीपणानं दिलेलं होतं.

उपाय दोन मिनिटांचा होता, हे सगळ्यात लागलं. मल्टिमीटर. दोन पिना दोन टोकांना लावल्या की पडद्यावर आकडा. त्याला तो प्रत्येक प्रयोगाला वापरायची मुभा दिली, आणि कुणाला वेगळं वाटू नये म्हणून सगळ्या बॅचलाच सांगितलं की पट्टे वाचा आणि मीटरनं तपासा. तोपर्यंतचे गुण मी बदलले. त्याच रविवारी त्याच्या वडिलांना फोन केला. मागे इंजिन की पंप चालू होता. मी नाव सांगितल्यावर आधी घाबरले, "काय झालं मॅडम, बरा हाय न्हवं?" मी म्हटलं बरा आहे, मीच त्या दिवशी तुम्हाला बोलू दिलं नाही, त्याबद्दल फोन केलाय. ते म्हणाले, "आवो, एवढी माणसं हुती. तुमी तरी कुणाकुणाचं ऐकणार." मग थोडं थांबून म्हणाले, "रंग सोडला तर त्याला सगळं येतंय. हाताला लई हुशार हाय." मी म्हटलं, मला माहीत आहे आता. पंप बंद झाला. त्यांनी विचारलं, ते मीटर घ्यायचं म्हटलं तर केवढ्याला मिळतं? मी म्हटलं, लागणार नाही, कॉलेजात आहेत. "न्हाय, घरचं असावं," ते म्हणाले.

2024 च्या सभेला मी 42 पैकी 27 स्लाइड काढून टाकल्या. बाकी सगळं छापून हातात दिलं, मराठीत, मोठ्या अक्षरात. त्या वर्षी जुलैत सरकारचा निर्णय आला होता, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींची शिकवणी फी आणि परीक्षा फी माफ करणारा. आमच्या सभागृहात लेकींबरोबर आलेल्या आया नेहमीपेक्षा जास्त दिसल्या, निदान मला तरी तसं वाटलं. मुलांना त्या वेळी दुसऱ्या इमारतीत नेलं, सीनियर मुलं त्यांना परिसर दाखवत होती. आणि पालकांना प्रत्येकाला एक कोरा कागद दिला. वर एकच ओळ: तुमच्या मुलाबद्दल, मुलीबद्दल आम्हाला माहीत असावं असं काही. पाल्य लिहिलं नाही. सांगितलं की हे फक्त मी आणि दुसऱ्या एक बाई वाचणार, कपाटाला कुलूप असतं, याचा प्रवेशाशी काही संबंध नाही. हे शेवटचं मी तीनदा सांगितलं. आरोग्याच्या छापील अर्जात काही आजार आहे का या रकान्यात जवळजवळ प्रत्येक जण "नाही" लिहितो, प्रवेश जाईल या भीतीनं, हे मला एव्हाना कळलं होतं.

काय काय आलं त्या कागदांवर! "अंधारात झोपत नाही, खोलीतल्या मुलांना सांगू नका, फक्त जिन्यातला दिवा चालू ठेवा." "फिट येते, दोन वर्षांत आली नाही, गोळी चालू आहे, पाकिटात चिठ्ठी ठेवली आहे." "ह्याचे वडील गेले हे तो कुणाला सांगत नाही. पालकसभेला मी एकटीच येणार. विचारू नये." "मुलगी खूप हसते. हसायची बंद झाली तर फोन करा." एका आजोबांनी मोडीसारख्या वळणात पान भरून लिहिलं होतं, त्यातलं अर्धं मला लागलं नाही, पण शेवटी होतं, "हा आमचाच वाढवलेला आहे."

आणि असेही कागद आले जे वाचून मी गप्प बसले. "कुणाशी बोलते ते बघून आम्हाला कळवणे." "मोबाईल काढून घेतला तरी चालेल." "हिला जातीबाहेरच्या पोरांपासून लांब ठेवणे." माहिती मागितली की तिच्याबरोबर हेही येणार, हे मला आधी सुचायला हवं होतं. ते कागद मी दुसऱ्या बाईंना दाखवले, आम्ही दोघींनी ठरवलं की त्यावर काहीही करायचं नाही, पण त्या मुली आपल्या लक्षात राहू द्यायच्या. कारण घरी काय दबाव आहे हेही त्या कागदानंच सांगितलं होतं. मुलांच्या पाठीमागे त्यांच्याबद्दल लिहून घ्यावं का, हा प्रश्न तरी उरतोच. मी वर्षाच्या सुरुवातीला वर्गात सांगते की तुमच्या घरच्यांनी काही लिहिलं असेल तर तुम्ही येऊन वाचू शकता, खोडूही शकता. दर वर्षी चार-पाच जण येतात. एकानं स्वतःचा कागद वाचला, घडी करून परत दिला आणि म्हणाला, राहू द्या, बाबांचं अक्षर आहे.

टोमॅटोवाला मुलगा आता तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या दप्तरात स्वतःचा पिवळा मल्टिमीटर असतो.

यंदाच्या सभेत कागद गोळा करताना शेवटच्या रांगेतल्या एका बाईंनी तो कोराच परत केला. पन्नाशीच्या आतबाहेरच्या, हातात कापडी पिशवी. मी म्हटलं, काही सांगायचं नाही का ताई? "काही नाही हो. चांगली आहे पोरगी." समोशाच्या टेबलापाशी पुन्हा दिसल्या, डबा न उघडता तसाच पिशवीत ठेवत होत्या. मी म्हटलं, लिहायचं नसेल तर नुसतं सांगा. त्या हसल्या, "नाही नाही, तुमची कामं असतील." दोन वाजता दुसरी तुकडी आत गेली, सादरीकरण मी एका तरुण शिक्षकाकडे सोपवलं होतं, म्हणून मी फाटकाकडे आले. त्या झाडाखालच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मुलीचं सामान खोलीत गेलेलं, गाडी चारची. मी विचारलं, "परत कुठं जायचं तुम्हाला?" परांड्याला, म्हणाल्या. म्हणजे बार्शीच्या शेजारचंच. मी त्यांच्या शेजारी बसले. बराच वेळ दोघी रस्त्याकडे बघत होतो. मग त्यांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"तिचं असं आहे बघा," त्या म्हणाल्या.